हळदीसारखी दिसणारी भुकटी: मेथोट्रेक्सेटच्या वजनाचे एक प्रकरण

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर काकू निर्जंतुक खोलीतली बॅलन्सची, म्हणजे सूक्ष्म वजनकाट्याची, नोंदवही कोरड्या फडक्याने झटकत होत्या. झटकता झटकता त्या थांबल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, “मॅडम, हे हळदीवानी काय पडून राह्यलं जी इथं? महिनाभरापासून रोजच निंगते.” मी जवळ जाऊन पाहिले. उघड्या नोंदवहीच्या मधल्या शिवणीत, जिथे दोन पाने एकमेकांना भिडतात तिथे, केसाएवढी पिवळी रेघ होती. काकूंच्या हातातल्या फडक्याच्या घडीत तोच रंग होता आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेलाही तोच. ती हळद नव्हती. ते मेथोट्रेक्सेट होते, कर्करोगावर आणि संधिवातावर दिले जाणारे औषध.

हे प्रकरण नागपुरातल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातले आहे. संशोधन प्रयोगशाळेची जबाबदारी त्या वर्षी माझ्याकडे होती. म्हणून पुढे जिथे जिथे ‘कोणी विचारले नाही’ असे लिहिले आहे, तिथे ज्या व्यक्तीने विचारायला हवे होते ती बहुतेक वेळा मीच होते.

पदार्थ

मेथोट्रेक्सेट ही पिवळी ते नारिंगी रंगाची स्फटिकी भुकटी आहे. पेशींना डीएनए घडवण्यासाठी फॉलिक आम्लाचे ज्या रूपात रूपांतर करावे लागते, ते करणाऱ्या डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकरालाच, म्हणजे एन्झाइमलाच, हा पदार्थ अडवतो. त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी आधी मारल्या जातात, मग त्या कर्करोगाच्या असोत, तोंडाच्या आतल्या त्वचेच्या असोत, अस्थिमज्जेतल्या असोत किंवा गर्भाच्या. आमच्या विद्यार्थ्यांना या औषधाच्या कुळाची कथा चांगली ठाऊक असते. लेडर्ले या अमेरिकी औषध कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्ये तयार केली, त्यांतल्या अमिनोप्टेरिनने लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात काही काळ उतार पडतो हे सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि मेथोट्रेक्सेट त्याचेच भावंड. ही कथा आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. पण तोच पदार्थ बाटलीतून बाहेर काढताना तो आपल्या श्वासात जाऊ शकतो, हे त्याच तासाला सांगण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती.

मात्रेचा हिशेब पाहिला तर गांभीर्य लगेच लक्षात येते. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच देतात आणि सुरुवात अनेकदा ७.५ मिलीग्रॅमपासून होते. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्यामुळे रुग्ण दगावले आहेत, म्हणूनच चिठ्ठीवर वार लिहावा असा आग्रह धरला जातो. गर्भारपणात ते वर्ज्य आहे. अमेरिकेतल्या नायोश या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने २००४ मध्ये औषधे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी जो इशारा प्रसिद्ध केला, त्यातल्या धोकादायक औषधांच्या यादीत मेथोट्रेक्सेट आहे. या औषधावर संशोधन करणारी आमची विद्यार्थिनी एका बॅचसाठी १०० मिलीग्रॅम घेत होती, म्हणजे संधिवाताच्या रुग्णाच्या तेरा आठवड्यांच्या सुरुवातीच्या मात्रेएवढी भुकटी एका वेळी बटर पेपरवर असे.

काम कसे चालत होते

एम. फार्मच्या दुसऱ्या वर्षाची ही विद्यार्थिनी सोरायसिस या त्वचारोगावर लावायची निओसोम जेल, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांची जेल, तयार करत होती. औषध एका कंपनीकडून गिफ्ट सॅम्पल म्हणून आले होते: पाकिटात पाकीट, आत ५ ग्रॅम भुकटी आणि सोबत सीओए, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा दाखला. शुद्धता किती, पाण्याचे प्रमाण किती, अशुद्धी किती, हे सर्व त्या कागदावर होते. सुरक्षा माहितीपत्रक मात्र आले नव्हते आणि ते मागवावे असे कोणाला सुचले नाही. सोळा भागांच्या त्या पत्रकातला सहावा भाग सांडलेला पदार्थ कसा आवरावा हे सांगतो आणि आठवा भाग माणसाने स्वतःला कसे वाचवावे हे सांगतो. आमच्या फाइलमध्ये सीओएची प्रत दोनदा लावलेली होती आणि या पत्रकाची एकदाही नाही.

मार्चमध्ये काम मोठ्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर सुरू झाले. तिथे खिडकीत कूलर आहे. कूलर चालू असला की बॅलन्सचा शेवटचा आकडा स्थिर राहत नसे. तो बंद केला की नागपूरच्या उन्हाळ्यातली कोरडी हवा आपले काम करी. दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली उतरते, मग स्थिर विद्युतभार साचतो, आणि स्पॅच्युल्यावरची, म्हणजे चपट्या चमच्यावरची, भुकटी बटर पेपरवर पडण्याऐवजी त्याच्या कडेकडे उडी घेते, नायट्राइलच्या हातमोज्याला चिकटते, बॅलन्सच्या काचेला आतून लागते. ज्यांनी मे महिन्यात आमच्याकडे बारीक भुकटीचे वजन घेतले आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. विद्यार्थिनीने यावर जो मार्ग काढला तो तिच्या दृष्टीने पूर्ण विचारांती काढलेला होता. तिने बॅलन्स उचलून एसी असलेल्या निर्जंतुक खोलीत नेला आणि तिथल्या आडव्या प्रवाहाच्या लॅमिनार कॅबिनेटमध्ये ठेवला.

वजन घेण्याची रीत अशी होती. घडी घातलेल्या बटर पेपरवर स्पॅच्युल्याने थोडी भुकटी घ्यायची, आकडा पाहायचा, जास्त झाली तर थोडी परत बाटलीत टाकायची, कमी पडली तर स्पॅच्युल्याच्या दांड्यावर बोटाने टकटक करून कण कण पाडायचे, आणि १००.० हा आकडा दिसेपर्यंत हे चालू ठेवायचे. मग पेपर उचलून बीकरवर तिरका धरायचा आणि मागून टिचकी मारायची. मी नंतर तिला हे करून दाखवायला सांगितले तेव्हा मोजले: एका वजनात स्पॅच्युला अकरा वेळा बाटलीत गेला आणि आला. यातल्या प्रत्येक हालचालीत थोडी भुकटी हवेत जाते. ग्रॅमच्या चार दशांशांपर्यंत आकडा जुळवण्याचा हा हट्ट आम्हीच पहिल्या वर्षापासून मुलांना लावतो आणि नीटनेटकेपणाचे गुण त्यावरच देतो.

वापरलेला बटर पेपर चुरगाळून साध्या कचरापेटीत जाई. ती पेटी काकू रिकामी करत.

हवेची दिशा

“मॅडम, लॅमिनारमध्येच तर करते मी, त्याला हेपा फिल्टर आहे,” असे विद्यार्थिनी मला म्हणाली. या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि निष्कर्ष पूर्ण उलटा होता. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो, म्हणून तो सविस्तर मांडते.

आडव्या प्रवाहाचे लॅमिनार खोलीतली हवा खालच्या प्रीफिल्टरमधून ओढते, मागच्या भिंतीतल्या हेपा फिल्टरमधून गाळते आणि सेकंदाला सुमारे ०.४५ मीटर वेगाने समोर, म्हणजे काम करणाऱ्याच्या छातीकडे आणि तोंडाकडे सोडते. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण तो कामाच्या जागेच्या मागे असतो. तो माणसाच्या आणि पदार्थाच्या मध्ये नसतो. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली भरताना ही रचना उत्तम, कारण तिथे माणसापासून औषधाला वाचवायचे असते. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत औषधापासून माणसाला वाचवायचे होते, आणि प्रयोगशाळेतली सर्वांत स्वच्छ हवा टकटक करून उडवलेले कण उचलून थेट तिच्या चेहऱ्यावर नेत होती. कर्करोग रुग्णालयांत अशी औषधे मिसळण्यासाठी जी जैवसुरक्षा कॅबिनेट वापरतात, त्यांत समोरची हवा आत ओढली जाते, वरून गाळलेली हवा खाली येते आणि बाहेर जाणारी हवा पुन्हा गाळली जाते. दोन्ही यंत्रे पांढरी, दोन्हींना काच, दोन्हींमध्ये निळसर दिवा. नवख्या माणसाला ती एकसारखी दिसली तर दोष त्याला देता येत नाही.

हवेत गेलेले कण लगेच खाली बसतात हा समजही दुरुस्त करावा लागला. पाण्याएवढ्या घनतेचा दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला साधारण साडेपाच मिनिटे घेतो, आणि एक मायक्रॉनचा कण जवळजवळ आठ तास. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासनलिकेच्या पुढे उतरू शकतात, आणि नेमके तेच डोळ्यांना दिसत नाहीत. आमची निर्जंतुक खोली बंद, एसी तीच हवा फिरवणारा, लॅमिनार तीच हवा ओढून पुन्हा सोडणारा. नोंदवहीच्या शिवणीत जे पिवळे दिसले ते जड होते म्हणून खाली बसले होते.

तोंडावर तिने तीन पदरी शस्त्रक्रियेचा मास्क लावलेला असे आणि त्यावर दुपट्टा गुंडाळलेला. हा मास्क आपल्या तोंडातले थेंब बाहेर जाऊ नयेत यासाठी असतो. गालांच्या बाजूने आत येणारी हवा तो अडवत नाही. दुपट्ट्याची गोष्ट त्याहून काळजीची होती. उन्हाळ्यात आमच्या मुली स्कूटीवर बसताना डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्याने बांधतात, आणि तिचा तोच दुपट्टा दिवसभर वजनाच्या वेळी गळ्यात असे, संध्याकाळी चेहऱ्यावर बांधला जाई आणि घरी दाराच्या खुंटीला लागे.

त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात

काकूंचे काम तिथेच थांबवले. त्यांनी आणि मी साबणाने हात धुतले, फडके झिपच्या पिशवीत बंद केले, एसी आणि लॅमिनार बंद करून खोलीला कुलूप लावले. विद्यार्थिनीला बोलावून बसवले आणि आधी तब्येत विचारली. एप्रिलमध्ये दोनदा तोंड आले होते, असे तिने सांगितले. तोंड येणे हा मेथोट्रेक्सेटचा परिचित परिणाम आहे. पण नागपूरच्या एप्रिलमध्ये तोंड कोणाचे येत नाही? घरच्यांनी उष्णता झाली म्हणून गुलकंद दिला होता आणि तिनेही तेच मानले होते. आम्ही सुरक्षा माहितीपत्रक छापून घेतले आणि ते घेऊनच डॉक्टरांकडे गेलो, कारण ‘लॅबमध्ये काहीतरी पावडर होती’ एवढ्या माहितीवर कोणताही डॉक्टर योग्य तपासणी लिहून देऊ शकत नाही. रक्तपेशींची मोजणी आणि यकृताच्या चाचण्या झाल्या, महिन्याने पुन्हा झाल्या, दोन्ही वेळा अहवाल सामान्य आले. तिचे तोंड या भुकटीनेच आले होते असे मी लिहिणार नाही, तसा पुरावा नाही.

काकूंच्या चाचण्यांसाठी मात्र तीन दिवस गेले. त्या कंत्राटदारामार्फत आलेल्या, त्यामुळे खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा हा प्रश्न कार्यालयात फिरत राहिला. ज्यांचे नाव कोणत्याही प्रयोगपद्धतीत येत नाही, तेच कोरड्या फडक्याने सर्वांत जास्त धूळ उडवतात आणि पेटीतला बटर पेपर हाताने गोळा करतात. त्यांच्या चाचण्या आधी व्हायला हव्या होत्या असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी लेखी दिले. त्यांचेही अहवाल सामान्य आले.

सफाईत आम्ही पहिल्याच दिवशी एक चूक केली. आमच्या हाताला सवय सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची, म्हणून एन-९५ मास्क आणि दुहेरी हातमोजे घालून आम्ही त्यानेच बॅलन्सची पाटी पुसली. टिश्यू पिवळा झाला म्हणून बरे वाटले, पण पाटीवर बोटभर रुंद फिकट पिवळा पट्टा उमटला. मेथोट्रेक्सेट पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, ते विरळ अल्कलीत विरघळते. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने ओला केलेला टिश्यू फिरवल्यावर तो पट्टा एका हातात निघाला. मग पाण्याने दोनदा पुसून शेवटी अल्कोहोल. अल्कली डोळ्यांना वाईट, म्हणून चष्मा घातल्याशिवाय कोणालाही आत सोडले नाही. नोंदवही कागदाची, ती धुता येत नाही. पाने पारदर्शक पिशवीतूनच उलटून त्यांचे फोटो घेतले आणि वही कचऱ्यात गेली.

खोली खरेच स्वच्छ झाली का, हे पाहण्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. क्षारीय द्रावणात मेथोट्रेक्सेट २५८, ३०३ आणि ३७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, आणि ३०३ वरचा कॅलिब्रेशन आलेख, म्हणजे शोषणावरून प्रमाण काढण्याचा आलेख, विद्यार्थिनीने आधीच काढलेला होता. दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, अल्कलीत भिजवलेल्या बोळ्याने तो दोन दिशांनी पुसायचा, बोळा ठराविक आकारमानात निथळायचा आणि शोषणाचे वाचन घ्यायचे. सोबत दुसऱ्या मजल्यावरच्या, या कामाशी संबंध नसलेल्या टेबलाचा बोळाही घ्यायचा, कारण फडक्यातला साबण आणि टेबलाचा रंगही या पट्ट्यात शोषण दाखवतात. लॅमिनारसमोरच्या स्टुलाच्या पाठीवर, दाराच्या मुठीवर आणि खिडकीच्या कठड्यावर मेथोट्रेक्सेटच्या शोषणाचे ओळखता येईल असे शिखर मिळाले. मार्चमधल्या टेबलाजवळ, कूलरच्या समोरच्या भिंतीवरही मिळाले. ही पद्धत फार सूक्ष्म प्रमाण पकडत नाही, म्हणून वाचन शून्य आले तरी सफाईची एक फेरी आम्ही जास्तच केली.

यानंतर आम्ही एक प्रात्यक्षिक केले. लॅक्टोजमध्ये थोडे रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, खलून घेतले. तेही पिवळे, पण निरुपद्रवी. विद्यार्थिनीने आपल्या जुन्या पद्धतीने, त्याच लॅमिनारमध्ये, त्याच्या १०० मिलीग्रॅमची तीन वजने घेतली. मग दिवे घालवून, पाण्याचा अगदी हलका फवारा मारून, टीएलसी या चाचणीच्या कॅबिनेटमधला ३६५ नॅनोमीटरचा अतिनील हातदिवा फिरवला. रायबोफ्लेविन ओले झाले की त्या उजेडात हिरवट पिवळे चमकते. तिच्या दोन्ही बाह्यांच्या कडा चमकल्या, एप्रनची वरची दोन बटणे चमकली, मास्कच्या वरच्या काठावर नाकाच्या दोन्ही बाजूंना ठिपके चमकले, आणि मांडीवर, जिथे ती हात पुसत होती हे तिला स्वतःलाही माहीत नव्हते, तिथे चार बोटांचा ठसा उमटला. खोलीत सात-आठ जण होते. कोणी काही बोलले नाही. काकूंनी तो दिवा माझ्या हातातून घेतला आणि कचरापेटीच्या झाकणावर धरला. तेही चमकत होते.

वजन घेण्याची बदललेली रीत

भुकटीसाठी खास हवा ओढणारे बॅलन्स कॅबिनेट विकत घ्यावे, हा योग्य उपाय आहे आणि तो अर्ज आजही मंजुरीच्या वाटेवर आहे. तोवर जे जवळ होते त्यात काम बसवले. आमच्याकडे फ्युम हूड, म्हणजे हवा आत ओढून बाहेर सोडणारे काचेचे कपाट, होता, पण त्यातल्या हवेच्या खळबळीत चार दशांशांचा बॅलन्स स्थिर राहत नाही. म्हणून वजन आणि भुकटी यांची जागा वेगळी केली. बॅलन्स बाहेर राहिला. झाकणाची रिकामी काचेची कुपी त्यावर तोलायची, हूडमध्ये नेऊन काच निम्म्याच्या खाली ओढून आत स्पॅच्युल्याने एकदाच अंदाजाने भुकटी घ्यायची, झाकण घट्ट लावायचे, बाहेरून ओल्या टिश्यूने पुसायचे, बाहेर आणून पुन्हा तोलायचे. वजाबाकी केली की वजन मिळते. ते ९३.७ आले काय आणि १०८.२ आले काय, परत हात लावायचा नाही. द्रावकाचे आकारमान त्या वजनाला जुळवून घ्यायचे. संहती, म्हणजे द्रावणाची तीव्रता, तीच मिळते आणि अकराऐवजी एकच चमचा होतो.

पुढची पायरी विद्यार्थिनीने स्वतः सुचवली. प्रत्येक बॅचसाठी कोरडी भुकटी का घ्यायची? विरळ अल्कलीत एकदा साठा द्रावण करावे, प्रकाशाने ते बिघडते म्हणून तपकिरी फ्लास्कला फॉइल गुंडाळावी, आणि नंतर पिपेटने काम करावे. ते किती तास टिकते हे तिने आधी तपासले. आठवड्याची वजने दोनवर आली. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोठी सुरक्षा हीच, कारण ओल्या पदार्थाची धूळ होत नाही.

हूड कितपत ओढतो हे आम्ही उदबत्तीने पाहिले. काचेच्या खालच्या फटीजवळ धूर धरला की तो सरळ रेषेत आत गेला पाहिजे. एका कोपऱ्यात तो बाहेर वळत होता, कारण समोरून पंख्याचा झोत येत होता. तो पंखा काढला, मग वेगमापकाने तोंडाशी सेकंदाला ०.५ मीटर मिळाला. हूडची नळी गच्चीवर जिथे उघडते तिथून वरच्या खोलीचा कूलर हवा ओढत नाही ना, हेही वर चढून पाहिले. स्थिर विद्युतभारासाठी वजनासाठीच्या प्लास्टिकच्या बोटी, म्हणजे छोट्या तबकड्या, बंद करून काच आणि अॅल्युमिनियमची फॉइल आली. एन-९५ मास्क आता आहे, दुहेरी नायट्राइल हातमोजे आहेत, बाहेरचा जोड हूडमध्येच उतरवायचा. पण मास्क हा शेवटचा अडसर आहे हे मी प्रत्येक तुकडीला सांगते, आणि दाढी असलेल्या मुलांना तो घट्ट बसत नाही हेही. दुपट्टा, स्कार्फ, मोबाइल बाहेरच्या खणात. गर्भारपणाचा प्रश्न असेल तर कोणत्याही मुलीला किंवा कर्मचारी बाईला कारण सांगावे लागू नये, म्हणून या औषधाच्या कामातून न विचारता बाजूला होण्याची मुभा सूचनेतच लिहिली.

वापरलेले हातमोजे, टिश्यू, कुप्या आणि धुण्याचे क्षारीय पाणी आता सिंकमध्ये किंवा साध्या पेटीत जात नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे पेशीनाशक औषधांनी दूषित वस्तू पिवळ्या पिशवीतून बाराशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाच्या भस्मीकरणासाठी जातात. द्रव वेगळ्या बाटलीत, लेबल लावून.

दारावरची सूचना मी आधी ‘पेशीनाशक द्रव्य हाताळणी क्षेत्र’ अशी लिहिली होती. काकूंनी ती वाचली आणि विचारले, “याच्यात मी काय करू नोको, ते कुठं लिवलं हाय?” मग त्यांनी सांगितले तसे लिहिले: पिवळी पूड दिसली तर हात लावू नका, झाडू मारू नका, कोरडे फडके मारू नका, दार लावा, मॅडमला बोलवा. खाली माझा क्रमांक.

एक काम अजून शिल्लक आहे. दोन महिने ज्या लॅमिनारने खोलीतली हवा ओढली, त्याच्या प्रीफिल्टरमध्ये ती भुकटी बसलेली असणार, आणि तो दर वर्षी देखभालीसाठी येणारा तंत्रज्ञ बाहेर काढून व्हरांड्यात झटकतो, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याच्या कंपनीला माहितीपत्रकासह पत्र गेले आहे, फिल्टर ओला करून पिशवीत घालूनच काढायचा असे ठरले आहे, आणि तोवर यंत्राची वायर काढून त्यावर लाल अक्षरांत चिठ्ठी लावली आहे.